इन्स्टॉल स्क्रिप्टमधून दुसऱ्याच्या कॉन्फिग फाइलला हात लावावा का? लावलाच, तर कसा?

अर्धविराम

मंडळी, मदत हवी आहे. सोबत बोलणी पडली तरी चालतील, तयारीनेच आलोय.

आमचा एक छोटासा एजंट आहे. सर्व्हरवर कोण कधी लॉगिन झालं त्या नोंदी वाचतो आणि एका जागी पाठवतो. त्याचं डेबियन लिनक्ससाठीचं पॅकेज मी बनवतो. नोंदी तपशिलात याव्यात म्हणून एसएसएचच्या (दुरून लॉगिन करायची सोय) कॉन्फिगमध्ये 'लॉगलेव्हल व्हर्बोज' ही ओळ लागते. ती मी पोस्टइन्स्ट स्क्रिप्टमधून, म्हणजे पॅकेज बसल्यावर आपोआप पळणाऱ्या स्क्रिप्टमधून, टाकतो. टाकतो म्हणजे काय, इको आणि दोन बाण (>>), एसएसएचडी_कॉन्फिग या फाइलच्या शेपटीला जोडून मोकळा. मग रीलोड.

दोन वर्षं कोणी काही बोललं नाही. या महिन्यात तीन तक्रारी एकदम आल्या. एकाच्या फाइलमध्ये तीच ओळ तीनदा आहे, कारण त्याने तीनदा अपग्रेड केलं. दुसऱ्या अ‍ॅडमिनने ती ओळ हाताने काढली होती, पुढच्या अपग्रेडला ती परत आली. तो चांगलाच भडकलाय. तिसरी तक्रार मला कळतच नाही: एका सर्व्हरवर फक्त एसएफटीपीवाल्या (फाइलींची देवाणघेवाण करणाऱ्या) युजरांच्या नोंदी तपशिलात येतात, बाकीच्यांच्या नेहमीसारख्या त्रोटक.

आता विचार असा आहे की आधी ग्रेपने ओळ आहे का बघायचं, नसेल तरच सेड -आय ने घालायची. एवढ्याने भागेल ना?

---

नको_तिथे_नाक

नाही भागणार. का, ते जाणकार सांगतीलच. मी जागा धरून बसतो.

---

टंकमुंगी

ग्रेप घालताना एक लक्षात ठेवा. स्क्रिप्टच्या डोक्यावर सेट -ई (चूक आली की थांब) असेल आणि ग्रेपला काही सापडलं नाही, तर तो १ परत देतो आणि स्क्रिप्ट तिथेच मरते. इफमध्ये ठेवलंत तर ठीक. नुसता ओळीवर सोडलात तर पॅकेज अर्धवट कॉन्फिगर होऊन लटकतं आणि पुढे कोणी काहीही इन्स्टॉल करू दे, एपीटी (पॅकेजं बसवणारी कमांड) तुमच्या नावाने शंख करत बसतं.

---

जुनं_खोड

अर्धविराम, तुमच्या तिसऱ्या तक्रारीचं उत्तर तुमच्या दुसऱ्या परिच्छेदातच आहे. "शेपटीला जोडून."

त्या सर्व्हरची फाइल उघडा आणि खालून वर वाचत जा. पैजेवर सांगतो, शेवटी 'मॅच ग्रुप' असा ब्लॉक असणार, एसएफटीपीवाल्यांना त्यांच्या फोल्डरात कोंडायला लिहिलेला. मॅच ब्लॉकला बंद करणारा कंस नसतो. पुढचा मॅच येईपर्यंत किंवा फाइल संपेपर्यंत तो चालूच राहतो. म्हणजे तुमची ओळ तुम्ही फाइलला नाही, त्या ब्लॉकला जोडलीत. ती फक्त त्या ग्रुपला लागू झाली.

नशीब समजा, लॉगलेव्हल मॅचमध्ये चालतं. 'पोर्ट' वगैरे काही तिथे पडलं असतं, तर एसएसएचडीने (एसएसएचचा सर्व्हर) सुरूच व्हायला नकार दिला असता. मग त्या सर्व्हरवर शिरायचं कुठून?

आणि फाइलच्या शेवटी नवी ओळ नसेल, तर इको तुमचा मजकूर आधीच्या ओळीलाच चिकटवतो. तो प्रकार अजून झाला नाही, पण होईल.

---

अर्धविराम

खोडकाका, दंडवत. आत्ताच बघितलं. मॅच ग्रुप, खाली फोर्सकमांड, त्याखाली माझी ओळ, तीही अगदी डावीकडे चिकटून. स्वतंत्र असल्यासारखी दिसते, हाच घोळ.

---

कर्सरकन्या

आता मूळ प्रश्नाकडे येते, कारण ग्रेप की सेड हा इथे प्रश्नच नाही. ती फाइल तुमची नाही.

डेबियनच्या धोरणात हे स्पष्ट लिहिलंय, कलम १०.७. अ‍ॅडमिनने केलेले बदल अपग्रेडमध्ये टिकले पाहिजेत. पॅकेज नुसतं काढलं तरी कॉन्फिग राहिलं पाहिजे, ते जाईल फक्त पर्ज, म्हणजे मुळासकट साफ, केल्यावर. आणि स्क्रिप्टने कोणत्याही पॅकेजच्या कॉन्फफाइलला, म्हणजे पॅकेजसोबत आलेल्या कॉन्फिग फाइलला, हात लावायचा नाही. स्वतःच्यासुद्धा!

स्वतःच्यासुद्धा का, तर डीपीकेजी (पॅकेजं प्रत्यक्ष बसवणारा प्रोग्रॅम) प्रत्येक कॉन्फफाइलचा एमडी५ (मजकुराचा ठसा, हॅश) आपल्या स्टेटस फाइलमध्ये जपून ठेवतं. अपग्रेडच्या वेळी ते दोन गोष्टी बघतं: पॅकेजमधली प्रत बदलली का, आणि डिस्कवरची बदलली का. फक्त पॅकेजची बदलली असेल तर गुपचूप नवी ठेवतं. फक्त अ‍ॅडमिनने बदलली असेल तर तिला हात लावत नाही. दोन्ही बदलल्या तरच नवी घ्यायची की जुनी ठेवायची हा तो प्रसिद्ध प्रश्न येतो: वाय, एन, डी की झेड. तुमच्या स्क्रिप्टने फाइल बदलली की डीपीकेजीच्या नजरेत ती "अ‍ॅडमिनने बदलली". मग ज्या माणसाने त्या फाइलकडे जन्मात ढुंकून पाहिलं नाही, त्याला रात्री दोन वाजता विचारलं जातं की बाबा, तुझे बदल ठेवू का?

एसएसएचडी_कॉन्फिग डेबियनमध्ये यूसीएफ हे वेगळं साधन सांभाळतं, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या ती कॉन्फफाइल नाही. पण हिशेब तोच. आज ना उद्या तुमच्या ओळीमुळे प्रश्न उगवणार.

आणि भडकलेला अ‍ॅडमिन बरोबर आहे. ओळ काढणं हाही बदलच. त्याने "नको" म्हटलं होतं, तुमच्या स्क्रिप्टला ते ऐकू आलं नाही. ग्रेपनेही येणार नाही. ओळ नसली की ग्रेप "नाही" म्हणणार, आणि स्क्रिप्ट लगेच घालणार.

---

शून्यवत

+१. "ओळ नाही" याचे दोन अर्थ आहेत: अजून घातली नाही, आणि मुद्दाम काढली. ग्रेपला दोन्ही सारखेच.

---

बुचकळा

शीर्षक वाचून वाटलं शेजाऱ्यांच्या भांडणाचा धागा आहे. आत आलो तर खरंच निघाला. 😀

---

वळवाचा_पाऊस

मी थोडं उलट बोलतो, दिवे घ्या.

धोरणबिरण ठीक आहे. ते डिस्ट्रोच्या अधिकृत पॅकेजांसाठी. आमच्याकडे मशीनही आमचं, पॅकेजही आमचं आणि त्यावर दुसरा अ‍ॅडमिन येण्याचा संभवच नाही. बंद डबा. तिथे पोस्टइन्स्टमधून सेड मारला तर कोणाचं काय बिघडलं? सहा वर्षं हेच करतोय. सगळीकडे शास्त्र सांगत बसलं तर काम कधी करायचं?

---

कर्सरकन्या

पाऊस, तुमच्या बंद डब्यात तुम्हीच अ‍ॅडमिन आहात, मग तक्रार करणार कोण! पण अर्धविरामचा एजंट परक्या घरात जातो. आणि बंद डब्यातसुद्धा सेड मारायचा, तर नीट मारा. किती जणांना ठाऊक आहे की सेड -आय फाइल बदलत नाही? तो नवी फाइल लिहितो आणि जुनीच्या जागी ठेवतो.

---

वळवाचा_पाऊस

त्याने काय फरक पडतो? परिणाम तोच.

---

जुनं_खोड

पडतो हो. मूळ फाइल सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक) असेल, तर सेड -आय लिंक तोडून तिथे साधी फाइल ठेवतो. ज्या फाइलकडे लिंक होती ती जशीच्या तशी. मग एक जण इकडची प्रत बदलतोय, दुसरा तिकडची, आणि दोघेही शपथेवर सांगतात की बदल केला. जीएनयू सेडला त्यासाठी फॉलो-सिमलिंक्स असा पर्याय आहे, तो द्यावा लागतो. हार्डलिंक असेल तर तीही तुटते.

डॉकरच्या कंटेनरमध्ये इटीसीतल्या होस्ट्सवर (मशीनची नावं आणि पत्ते यांची फाइल) सेड -आय चालवून बघा. "डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी" म्हणून हात वर करतो. ती फाइल बाहेरून माउंट केलेली असते, तिच्या जागी दुसरी ठेवता येत नाही.

---

टंकमुंगी

होस्ट्सवरून आठवलं. माझी फजिती सांगते.

शहाणपणा करून सेड टाळला होता. कुठेतरी वाचलं की आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, मग एमव्हीने जागेवर आणा, म्हणजे मधेच वीज गेली तरी अर्धी फाइल राहत नाही. तसंच केलं. एमकेटेम्प, त्यात नवा मजकूर, एमव्ही. रूट म्हणून तपासलं. पिंग चालू, सगळं चालू. घरी.

सकाळी ॲप्लिकेशन बंद. म्हणे डेटाबेसच्या होस्टचं नावच सापडत नाही. मी रूट म्हणून पिंग करते, लगेच उत्तर येतं. त्यांच्या युजरवरून केलं की "नाव माहीत नाही". डीएनएस बघितलं, फायरवॉल बघितलं, तीन तास घातले. शेवटी एका सहकाऱ्याने एलएस -एल मारलं आणि काही न बोलता पडद्याकडे बोट दाखवलं. होस्ट्स फाइलची परवानगी ६००.

एमकेटेम्प फाइल बनवतो ती ६००, म्हणजे मालकाशिवाय कोणी वाचायची नाही. एमव्ही ती परवानगी सोबत घेऊन येतो. रूटला सगळं वाचता येतं म्हणून मला काही जाणवलंच नाही.

तेव्हापासून तात्पुरती फाइल आधी सीपी -पी ने मूळ फाइलवरूनच बनवते आणि मग तिच्यात बदल करते. आणि तपासते साध्या युजरने.

---

शून्यवत

यात दोन भर.

तात्पुरती फाइल त्याच फोल्डरात बनवा, टेम्पमध्ये नको. टेम्प वेगळ्या फाइलसिस्टिमवर असेल तर एमव्ही म्हणजे कॉपी करणं आणि मूळ पुसणं. "मधेच वीज गेली तरी" हा सगळा फायदा गेला.

एसईलिनक्स (लिनक्सवरचा जादा सुरक्षा पहारा) असेल तर टेम्पमधून आणलेली फाइल टेम्पचंच लेबल घेऊन येते. परवानग्या अगदी बरोबर दिसतात, तरी सर्व्हिसला वाचता येत नाही. लेबल ठीक करणारं रीस्टोरकॉन चालवलं की सुटतं. हे माहीत नसलेला माणूस वैतागून एसईलिनक्सच बंद करतो. आगीतून फुफाट्यात.

---

बुचकळा

एक प्रश्न, हसू नका. माझ्या स्क्रिप्टमध्ये सेडने पासवर्डची ओळ बदलते. नव्वद टक्के ठिकाणी चालतं, एका ठिकाणी फाइलमध्ये पासवर्डच्या आत पुन्हा "पासवर्ड=" आणि जुना पासवर्ड असं काहीतरी घुसतं. भूतबाधा?

---

टंकमुंगी

नव्या पासवर्डमध्ये अँपरसँड आहे का? ते '&' चिन्ह?

---

बुचकळा

...आहे.

---

टंकमुंगी

सेडच्या बदलीच्या बाजूला त्याचा अर्थ "जे सापडलं ते सगळं इथे घाल". तुमचा पॅटर्न आख्ख्या ओळीला जुळतो, म्हणून आख्खी जुनी ओळ आत बसते. पासवर्डमध्ये तिरपी रेघ आली असती तर सेड निदान ओरडला तरी असता. शिवाय पासवर्ड कमांडच्या ओळीत दिला की पीएसमध्ये दिसतो, तोही विचार करा. बाहेरून आलेली किंमत सेडच्या हातात देऊच नका.

---

नको_तिथे_नाक

हहपुवा. भूत सापडलं, त्याचं नाव अँपरसँड.

---

जुनं_खोड

रेडहॅटच्या बाजूचं एक सांगतो, कारण त्यात मी स्वतः भाजलोय.

आरपीएममध्ये (रेडहॅटची पॅकेज पद्धत) अपग्रेड म्हणजे आधी नवं बसतं आणि मग जुनं निघतं. नव्या पॅकेजचा पोस्ट (बसल्यावरची स्क्रिप्ट) आधी पळतो, जुन्याचा पोस्टअन (निघाल्यावरची) नंतर. मी पोस्टअनमध्ये लिहिलं होतं की आमची कॉन्फिग फाइल पुसा. हेतू असा की पॅकेज काढलं की मागे कचरा नको. पहिला आर्ग्युमेंट बघितला नाही. खरोखर काढत असतील तर तो ० असतो, अपग्रेड असेल तर १. झालं काय, अपग्रेडमध्ये नव्याने फाइल छान तयार केली आणि जुन्याने जाता जाता ती पुसली.

यातली खरी गंमत पुढे आहे. मी चूक सुधारून नवी आवृत्ती काढली आणि निर्धास्त झालो. पण चुकीची स्क्रिप्ट लोकांच्या मशीनवर *आधीच बसलेल्या* पॅकेजमध्ये होती. सुधारलेली आवृत्ती घालतानाच जुनी स्क्रिप्ट शेवटचा घाव घालणार! आवृत्ती काढून मी सगळ्यांच्या फाइली पुन्हा एकदा उडवल्या. शेवटी पोस्टट्रान्समध्ये फाइल परत तयार केली, कारण तो सगळं आटोपल्यावर, जुन्याच्या पोस्टअननंतर पळतो.

जी स्क्रिप्ट लोकांकडे गेली, ती परत बोलावता येत नाही.

---

वळवाचा_पाऊस

खोडकाका, हे वाचून अंगावर काटा आला. माझ्या पोस्टअनमध्ये काय आहे ते बघून येतो.

---

वळवाचा_पाऊस

बघितलं. तेच आहे. 🙈 नऊला कळलं हे बरं, दहाला आमचं अपग्रेड होतं.

---

कर्सरकन्या

"बंद डबा" हो ना? 😇

बरं, अर्धविराम, तुमचं उत्तर: काखेत कळसा. ओपनएसएसएच ८.२ पासून, म्हणजे २०२० पासून, कॉन्फिगमध्ये 'इन्क्लूड' चालतं. डेबियन ११ पासून मूळ फाइलमध्ये वरच्या बाजूलाच एसएसएचडी_कॉन्फिग.डी फोल्डर इन्क्लूड केलेलं येतं. तुमची एक ओळ असलेली स्वतंत्र फाइल त्या फोल्डरात ठेवा आणि ती तुमच्या पॅकेजची कॉन्फफाइल म्हणून जाऊ द्या. स्क्रिप्टमध्ये इको नाही, सेड नाही, काही नाही.

आणि त्या भडकलेल्या माणसाचा प्रश्नही यातच सुटतो. अ‍ॅडमिनने कॉन्फफाइल पुसली तर डीपीकेजी तेही लक्षात ठेवतं. पुढच्या अपग्रेडला परत आणत नाही, तसं मुद्दाम सांगितल्याशिवाय.

---

शून्यवत

फोल्डरवाल्या पद्धतीतही खड्डे आहेत बरं का. एसएसएचडीमध्ये जी किंमत पहिली सापडेल ती लागू होते. म्हणजे १० नंबरची फाइल ९० वर मात करते. सिस्टिमडी आणि सिसकंट्रोलमध्ये बरोबर उलटं, नंतरची जिंकते. सवयीने ९९ नंबर देऊन बसाल आणि आपली ओळ का चालत नाही म्हणून डोकं खाजवाल.

नावाचंही तसंच. इथे नावाच्या शेवटी .कॉन्फ हवंच, नाहीतर वाचत नाही. सुडोअर्स.डी मध्ये (सुडोचं असंच फोल्डर) नावात टिंब असलं तर फाइल वाचतच नाही. आमच्याकडे एकाने फाइलच्या नावात आवृत्ती घातली होती, शेवटी "२.१". सुडो शांतपणे दुर्लक्ष करत राहिला, ना चूक ना इशारा. सुडोची फाइल ठेवण्याआधी व्हिसुडो -सी ने तपासायची, हे वेगळं सांगायला नको.

---

नको_तिथे_नाक

एक बाळबोध शंका. एजंटने लॉगलेव्हल बदलायचंच का? कुणाच्या सर्व्हरवर किती नोंद ठेवायची हे त्याने ठरवावं ना. कागदावर लिहून द्या, "ही ओळ घाला, नाहीतर अमुक माहिती मिळणार नाही."

---

जुनं_खोड

शंका बाळबोध नाही. मी असतो तर हेच केलं असतं. पण कागद कोण वाचतं, हाही प्रश्न आहेच.

---

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. दोन आठवड्यांनी परत आलोय, थोडं काम करून.

फाइल फोल्डरात गेली, नाव १० ने सुरू. नाक म्हणतात ते पटलं, पण ग्राहकांना ती ओळ आयती हवी आहे. म्हणून ओळ राहिली, मात्र फाइल पुसली की विषय संपला.

पण दोन अडचणी आल्या. काही सर्व्हर डेबियन १० वरून ११ वर आलेले निघाले. तेव्हा अ‍ॅडमिनने "माझी जुनी फाइल ठेव" असं उत्तर दिलेलं, म्हणून त्यांच्या एसएसएचडी_कॉन्फिगमध्ये इन्क्लूडची ओळच नाही. माझी फाइल तिथे नुसती पडून. इन्क्लूडची ओळ स्क्रिप्टमधून घालण्याचा मोह झाला, पण हात आवरला. आता एजंट सुरू होताना एसएसएचडी -टी, मोठा टी, चालवून प्रत्यक्षात कोणतं लॉगलेव्हल लागू आहे ते बघतो. नसेल तर आपल्या लॉगमध्ये एक ओळ लिहितो आणि गप्प बसतो.

दुसरी अडचण, जुन्या ओळींचं काय करायचं? ठेवल्या तर अ‍ॅडमिनने नवी फाइल पुसली तरी जुनी ओळ काम करतच राहणार. काढायच्या तर पुन्हा त्याच फाइलला हात. आणि त्या माझ्याच कशावरून? कुणी स्वतः हाताने तीच ओळ लिहिली असेल तर?

---

कर्सरकन्या

मी म्हणेन हात लावू नका, इन्स्टॉल करताना सूचना छापा.

---

जुनं_खोड

मी म्हणेन सांडलंय कोणी, त्यानेच पुसावं. ओळ शब्दशः काढली आणि फाइलमध्ये दुसरा बदल नसेल, तर हॅश पुन्हा मूळ फाइलशी जुळतो. मग यूसीएफही विनाकारण प्रश्न विचारणार नाही. फक्त ओळ तुमचीच आहे हे नक्की ओळखता आलं पाहिजे. तिच्या आधी काही खुणेची कॉमेंट टाकली होतीत?

---

अर्धविराम

नाही टाकली. पण एक गोष्ट सापडली. दोन वर्षांपूर्वी लिहिताना माझ्या हातून 'लॉगलेव्हल' आणि 'व्हर्बोज' यांच्या मधे दोन स्पेस पडल्या आहेत. सगळ्या आवृत्त्यांमध्ये तशाच.

---

बुचकळा

टायपो कामी आल्याचं पहिलं उदाहरण. वाखूसा.

---

अर्धविराम

तर शेवटी असं केलं. जुनी आवृत्ती २.४ च्या आधीची असेल तरच, तेही डीपीकेजीच्याच कम्पेअर-व्हर्जन्सने तपासून. फाइल लिंक असेल तर आधी खरी जागा शोधतो. सीपी -पी ने त्याच फोल्डरात प्रत काढतो, त्यातून दोन स्पेसवाली ओळ अक्षरशः जुळली तरच गाळतो. मग त्या प्रतीवर एसएसएचडी -टी, छोटा टी, आणि ती पास झाली तरच एमव्ही. नाही तर प्रत पुसून एक सूचना, आणि स्क्रिप्ट शून्य देऊन बाहेर. एका स्पेसवाल्या ओळी दोन सर्व्हरवर सापडल्या, त्या कोणीतरी हाताने लिहिलेल्या. त्यांना हात लावला नाही.

भडकलेल्या अ‍ॅडमिनला आधी पाठवलं. त्याने नवी फाइल लगेच पुसली, मग मी मुद्दाम २.५ काढून त्याला अपग्रेड करायला सांगितलं. त्याचं उत्तर आत्ता आलं, दोन शब्दांचं: "आली नाही."

---

नको_तिथे_नाक

अभिनंदन! आता रेडहॅटवाल्या पॅकेजचं काय?

---

अर्धविराम

त्यात अजून दोन बाण आहेत. वेगळा धागा काढतो.